जुना सीएनसी लेथ पीसीवर कसा आणायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बेड चांगला, स्पिंडल गुळगुळीत फिरतो, पण कंट्रोलरचा पडदा काळा पडलाय, नाहीतर मेमरीचं बोर्ड गेलंय. नवीन बोर्ड कंपनी बनवत नाही. जुन्या बाजारात मिळतं, पण ते किती दिवस चालेल याची हमी कोणी देत नाही. सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून किंवा बंगळुरूहून यायचा, त्याचा प्रवास आणि मुक्काम आपल्या माथी. असं मशीन भंगारवाल्याला दाखवण्याआधी थोडं थांबा. जुना कंट्रोलर काढून त्याच्या जागी साधा पीसी बसवता येतो.

आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात अशी मशीनं शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बरीच दिसतात. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. खाणीच्या पिना आणि बुश, बार्जचे शाफ्ट या कामावर जगणाऱ्या वर्कशॉपांचं काम आटलं आणि मशीनं उभी राहिली. आता कुंडई, वेर्ण्याच्या कारखान्यांचं स्टेनलेसचं काम मिळतं, ट्रॉलरवाल्यांचं मिळतं. नवा लेथ घेण्याचं बजेट नसतं. ज्याचा कंट्रोल आपण स्वतः बसवलाय, तो बंद पडला तर आपणच उघडून बघू शकतो. माझ्या लेखी पीसीवर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पैसे वाचतात हे त्यानंतरचं.

या लेखात मी लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आणि पीसीला मशीनच्या ड्राइव्ह-सेन्सरशी जोडणारं मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड ही जोडी धरली आहे. लिनक्ससीएनसी फुकट आहे. त्याचं मूळ अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेच्या ईएमसी नावाच्या प्रकल्पात आहे आणि २०११ पासून ते या नावाने ओळखलं जातं. लेथसाठी मी त्याचा आग्रह धरतो, कारण स्पिंडलच्या एन्कोडरशी (किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरशी) अक्ष बांधून आटे पाडणं त्यात व्यवस्थित होतं, आणि एन्कोडरचा फीडबॅक थेट सॉफ्टवेअरपर्यंत येतो. विंडोजवर माक ३ अजून पुष्कळ ठिकाणी चालतं, पण त्याचा विकास कधीच थांबलाय. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट आधीच सांगतो. मशीन पुढच्या महिन्यात प्रॉडक्शनला लागलंच पाहिजे आणि लिनक्स शिकायला घरात किंवा शॉपमध्ये कोणीच तयार नाही, अशी स्थिती असेल तर सीमेन्स ८०८डी किंवा जीएसकेसारखा तयार लेथ कंट्रोलर घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पीसीची वाट शिकायची तयारी असणाऱ्याची आहे.

१. आधी लोखंड तपासा

कंट्रोल नवा केला म्हणून झिजलेला बेड सरळ होत नाही. त्यामुळे एक रुपया खर्च करण्याआधी डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि टेस्ट बार घेऊन बसा.

पॉवर बंद ठेवून झेडचा, म्हणजे बेडच्या लांबीने जाणाऱ्या अक्षाचा, बॉलस्क्रू हाताने फिरवा. सॅडलला डायल लावा, एका दिशेने नेऊन शून्य करा, मग उलट फिरवा. स्क्रू किती फिरल्यावर काटा हलतो ते लिहून ठेवा. हीच चाचणी चकाजवळ, मध्यावर आणि टेलस्टॉककडे अशी तीन ठिकाणी करा. तिन्हीकडे सारखाच प्ले असेल तर दोष बहुतेक नटाचा किंवा टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगचा, आणि तो दुरुस्त होतो. चकाजवळ जास्त आणि टेलस्टॉककडे कमी असेल तर स्क्रू तेवढ्याच भागात झिजलाय. मग सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशचा एक आकडा टाकून भागत नाही, कारण तो आकडा एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चुकीचा ठरतो.

पावसाळे पाहिलेलं मशीन असेल तर बेडवरचे वायपर उचलून बघा. वरून चकाकणाऱ्या स्लाइडच्या वायपरखाली गंजाची तपकिरी रेघ असते आणि तिच्यात बोटाच्या नखाला लागतील असे खड्डे असतात. खाऱ्या हवेत बंद पडून राहिलेल्या मशीनची खरी अवस्था तिथेच कळते. लुब्रिकेशनच्या नळ्याही सोडून बघा. पंपाचा आवाज येतो म्हणजे तेल शेवटच्या टोकाला पोचतंच असं नाही. ६८ नंबरचं स्लाइडवे तेल भरा आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी थेंब येतोय का ते डोळ्यांनी पाहा.

स्पिंडलचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डुलतो ते, चकावर नका मोजू, नोजच्या टेपरवर मोजा. चक स्वतःच वाकडा असू शकतो.

लोखंड नापास झालं तर इथेच थांबायचं.

२. जुनं काढण्याआधी सगळी नोंद करा

कंट्रोलर अजून सुरू होत असेल तर ही संधी दवडू नका. पॅरामीटर, लॅडर (टरेट, चक वगैरेंचा क्रम सांभाळणारा प्रोग्राम), टूल ऑफसेट, पिच एरर कॉम्पेन्सेशनचे आकडे हे सगळं आरएस-२३२ केबलने पीसीवर उतरवून घ्या. केबल नसेल तर एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बऱ्याच जुन्या कंट्रोलरची मेमरी बॅटरीवर जगते. बॅटरी बदलायची असेल तर मशीन चालू ठेवूनच बदला, पॉवर बंद करून बॅटरी काढली की सगळं पुसलं जातं.

मशीन उघडताना हे कागद हाताशी हवेत:

– मशीनचा इलेक्ट्रिकल ड्रॉइंग. हा नसेल तर निम्मं काम आधी वायरी शोधण्यात जाईल, म्हणून मशीन विकत घेतानाच मागून घ्या
– सर्वो ड्राइव्ह आणि स्पिंडल ड्राइव्ह यांच्या पुस्तिका
– मोटरच्या नेमप्लेटचे फोटो: व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, टॅकोचे (मोटरचा वेग व्होल्टमध्ये सांगणाऱ्या छोट्या जनित्राचे) दर हजार आरपीएमला व्होल्ट, एन्कोडरचे पल्स
– दोन्ही बॉलस्क्रूंचं पिच आणि पट्ट्यांच्या पुलींचे दात
– पॅरामीटर आणि लॅडरची प्रत

वायर तोडण्याआधी दोन्ही टोकांना नंबर लावा. ड्रॉइंगवर जो नंबर आहे तोच, स्वतःचा नवा नाही. जुन्या वायरीवरचं नंबरचं फेरूल पुसट झालं असेल तर शेजारच्या वायरीवरून अंदाज बांधू नका, बीपर लावून तपासा.

धोका: ड्राइव्हमधले कपॅसिटर मेन स्विच पाडल्यावरही चार्ज धरून असतात. पुस्तिकेत लिहिली आहेत तेवढी मिनिटं थांबा, मल्टिमीटरने डीसी बसवरचे व्होल्ट मोजा, आणि मगच हात घाला. चार्जचा दिवा विझला एवढ्यावर विश्वास ठेवू नका, दिवाही उडालेला असू शकतो.

३. काय ठेवायचं आणि काय बदलायचं

नवखे लोक सगळ्यात जास्त पैसा इथेच घालवतात, कारण सगळंच बदलून टाकायचा मोह होतो. माझा सल्ला उलटा आहे. जे चालतंय ते ठेवा.

जुन्या सर्वो ड्राइव्ह चांगल्या असतील आणि त्या उणे १० ते अधिक १० व्होल्टचा ॲनालॉग हुकूम घेत असतील (सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच मशीनवर अशाच असतात), तर मोटर, ड्राइव्ह, टॅको सगळं जागेवर राहू द्या. फक्त कंट्रोलर काढायचा आणि मेसाचं ७आय९७टी कार्ड बसवायचं. त्यात सहा ॲनालॉग आउटपुट आणि सहा एन्कोडर इनपुट असतात. दोन अक्ष, स्पिंडलला हुकूम आणि स्पिंडलचा एन्कोडर एवढं धरूनही जागा उरते. डीसी मोटर असेल तर ब्रश काढून लांबी बघा आणि कम्युटेटरवरची कार्बनची पूड साफ करा. मोटर अडकतेय असं वाटणाऱ्या बऱ्याच तक्रारी एवढ्यावर मिटतात.

ड्राइव्ह गेलेल्या असतील, किंवा त्यांचा फीडबॅक त्या कंपनीच्या स्वतःच्या गुप्त पद्धतीचा असेल, तर दोन्ही अक्षांना नव्या एसी सर्वो आणि ड्राइव्ह घ्या. त्या स्टेप-डिरेक्शन, म्हणजे पल्स आणि दिशा असा हुकूम घेतात, म्हणून मग ७आय७६ई किंवा ७आय९६एस कार्ड लागेल. मोटरचा फ्लँज, शाफ्टचा व्यास आणि की-वे मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आणि स्लँट बेडचा लेथ असेल तर एक्सची (टूल आत-बाहेर नेणाऱ्या अक्षाची) मोटर ब्रेकवालीच घ्यायची. तिथे ब्रेक नसेल तर ड्राइव्ह बंद होताच टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) आपल्या वजनाने खाली घसरतं आणि चकावर आदळतं.

आयटीआयमध्ये असतात तसे शिकवण्याचे छोटे टेबलावरचे लेथ बहुधा स्टेपर मोटरचे असतात. तिथे क्लोज्ड लूप स्टेपर पुरतात, सर्वोची गरज नाही.

४. सामान मागवणं

मेसाची कार्डं अमेरिकेतून येतात. कुरिअर कंपनी केवायसी मागते, आणि धंद्याच्या नावाने मागवत असाल तर आयातदाराचा आयईसी क्रमांक लागतो. कस्टम्स ड्यूटी आणि जीएसटी धरूनच हिशेब करा. वेबसाइटवरची किंमत बघून बजेट केलं तर ते पुरत नाही.

बाकीचं सामान बेळगाव, कोल्हापूर, पुण्याला मिळतं: २४ व्होल्टचा एसएमपीएस (कार्डाच्या लॉजिकला ५ व्होल्ट वेगळे लागतात का ते पुस्तिकेत बघा), सेफ्टी रिले, कॉन्टॅक्टर, फेज फेल्युअर रिले, सर्ज प्रोटेक्टर, लाइन फिल्टर, शील्ड केलेली ट्विस्टेड पेअर केबल, १०२४ पल्सचा स्पिंडल एन्कोडर (मशीनवर आधीच नसेल तर), प्रॉक्सिमिटी सेन्सर, टर्मिनल, फेरूल आणि ते दाबायचा पक्कड. ऑसिलोस्कोप नसला तरी चालतो, कारण लिनक्ससीएनसीत हालस्कोप हा पडद्यावरचा स्कोप आहे.

सेन्सर घेताना पीएनपी (लागल्यावर अधिक व्होल्ट देणारा) आणि एनपीएन (लागल्यावर शून्याकडे ओढणारा) यांत घोळ होतो. ७आय७६ईच्या इनपुटला पीएनपी लागतो. दुकानदार बिनदिक्कत एनपीएन देतो, त्यावरचा दिवा लागतो, आणि इनपुट काही हलत नाही. मग माणूस कार्डच खराब म्हणून बसतो.

५. पीसी

फार ताकदीचा नको, वेळ पाळणारा हवा. ऑफिसातून निवृत्त झालेला, इंटेलचा इथरनेट पोर्ट असलेला डेस्कटॉप घ्या. लॅपटॉप नको, त्याची वीज बचतीची यंत्रणा मध्येच वेळ खाते. यूएसबीवर चालणारी कंट्रोल कार्डंही नकोत.

लिनक्ससीएनसी २.९ ची डेबियन १२ वर बसवलेली आयएसओ फाइल मिळते, त्यात रिअलटाइम कर्नल आधीच असतो. बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग, सी-स्टेट आणि स्पीडस्टेप बंद करा. मग लेटन्सी हिस्टोग्राम (पीसी ठरल्या वेळेला किती मागेपुढे होतो ते दाखवणारा प्रोग्राम) लावा आणि त्याच वेळी पीसीला मुद्दाम छळा: मोठ्या फाइली कॉपी करा, ब्राउझर उघडा, खिडक्या ओढा. निदान तासभर चालू द्या. मेसा कार्डासाठी एक मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड असतो, त्यामुळे १०० मायक्रोसेकंदांच्या आत जिटर (हाच वेळेचा मागेपुढेपणा) असेल तर निर्धास्त राहा. जुन्या पॅरलल पोर्टवरून पीसीनेच स्टेप काढायच्या असतील तर मात्र १५ ते २० मायक्रोसेकंदांचं बंधन येतं, आणि आजचे पीसी त्यात बसतीलच असं नाही.

कार्डाचा पत्ता जम्परने १०.१०.१०.१० ला ठेवा, पीसीला १०.१०.१०.१ हा कायमचा पत्ता द्या आणि मध्ये स्विच किंवा राउटर न घालता थेट केबल जोडा. इंटरनेट हवं असेल तर त्यासाठी दुसरा नेटवर्क पोर्ट घ्या.

६. आधी टेबलावर, मग पॅनेलमध्ये

कार्ड, २४ व्होल्टचा सप्लाय, एक सेन्सर, एक रिले एवढंच टेबलावर मांडा. पीएनसीकॉन्फ या विझार्डने कॉन्फिगरेशन बनवा आणि इनपुट-आउटपुटची स्थिती दाखवणारी हालशो ही खिडकी उघडा. सेन्सरसमोर स्पॅनर नेला की इनपुटची खूण बदलली पाहिजे, आउटपुट लावला की रिलेचा टिक् ऐकू आला पाहिजे. एन्कोडर हाताने फिरवून काउंट वाढतात का बघा. इथे एन्कोडरच्या जम्परकडे लक्ष द्या. सहा तारांचा डिफरन्शियल एन्कोडर आणि तीन तारांचा टीटीएल एन्कोडर यांची जम्परची जागा वेगळी असते. चुकीच्या जागी जम्पर असेल तर काउंट येतात, पण मध्येमध्ये गळतात, आणि मशीनवर गेल्यावर हा दोष शोधायला फार त्रास होतो.

७. पॅनेलचं वायरिंग

या पायरीला घाई केली तर पुढे वर्षभर त्रास होतो.

इमर्जन्सी स्टॉप: लाल बटण दाबल्यावर ड्राइव्हची पॉवर कॉन्टॅक्टरने तुटली पाहिजे, आणि त्यात पीसीचा कसलाही संबंध असता कामा नये. बटण, अक्षांच्या टोकाचे ओव्हरट्रॅव्हल स्विच, दरवाज्याचा स्विच हे सगळं सेफ्टी रिलेच्या साखळीत एकामागोमाग. लिनक्ससीएनसीला त्या रिलेचा एक मोकळा कॉन्टॅक्ट द्यायचा, म्हणजे साखळी तुटली हे त्याला कळतं. सॉफ्टवेअरमधून थांबवण्यावर भिस्त ठेवू नका. पीसी अडकला तर मेसाच्या वॉचडॉगमुळे आउटपुट बंद होतात हे खरं, पण सेफ्टी रिलेच्या जागी त्याला धरू नये.

फेज फेल्युअर रिलेचा कॉन्टॅक्टही याच साखळीत घाला. पावसात एखादा फेज जाणं आपल्याकडे नवीन नाही. पीसी आणि २४ व्होल्टचा सप्लाय छोट्या यूपीएसवर ठेवा. लाईट गेली तर ड्राइव्ह सुटतात, मशीन इमर्जन्सीत जातं, पण एन्कोडर जिवंत राहतात आणि मशीनला स्वतःची जागा माहीत असते. आट्याच्या मध्यात लाईट गेली तरी टूल हळूच मागे घेता येतं.

अर्थिंग: आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात अर्थ पिट ओला असतो तेव्हा सगळं ठीक असतं. मे महिन्यात कातळ सुकलं की रोध वाढतो आणि एन्कोडरचे काउंट उगाच नाचायला लागतात. म्हणून अर्थिंगची मापं उन्हाळ्यात घ्या आणि पिटात पाणी घालायची पाइप ठेवा. पॅनेलच्या आत तांब्याची एक पट्टी लावा आणि प्रत्येक उपकरणाची अर्थ वायर थेट तिच्यापर्यंत आणा. एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी माळ करू नका.

स्पिंडलच्या व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) मोटर केबल शील्डवाली घ्या आणि तिचं शील्ड दोन्ही टोकांना जमिनीशी जोडा. एन्कोडरच्या केबलचं शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला. या दोन प्रकारच्या केबल एकाच डक्टमधून नेऊ नका, आणि छेदायच्याच असतील तर काटकोनात छेदा.

ओल: पॅनेलचे केबल ग्लँड घट्ट बसवा, न लागणारी भोकं बुजवा. सिलिका जेलच्या पुड्या आठवड्यात दमतात, त्यापेक्षा थर्मोस्टॅट लावलेला छोटा पॅनेल हीटर बसवा. पंखा हवाच असेल तर फिल्टरसह. उबदार पॅनेलमध्ये पाली आणि मुंग्या हमखास शिरतात आणि कॉन्टॅक्टरमध्ये मरून पडतात, तेव्हा तळाच्या फटी जाळीने बंद करा.

८. एकेक अक्ष जिवंत करणं

पहिल्यांदा पॉवर देताना मोटरची पट्टी किंवा कपलिंग सोडलेलं असू द्या. ॲनालॉग ड्राइव्ह असेल आणि एन्कोडरची दिशा उलटी लागली असेल, तर लूप बंद होताच मोटर पूर्ण वेगाने पळते. सॅडल जोडलेलं असेल तर ते पार टोकाला जाऊन ठोकतं. फॉलोइंग एररची (हुकमाची जागा आणि खरी जागा यांतल्या फरकाची) मर्यादा सुरुवातीला १ मिमी ठेवा, म्हणजे असं काही झालं तर सॉफ्टवेअर लगेच ड्राइव्ह सोडेल. आणि हात इमर्जन्सी बटणावर.

स्केल काढणं सोपं आहे. २५०० पल्सचा एन्कोडर म्हणजे चौपट करून फेऱ्याला १०,००० काउंट. ५ मिमी पिचचा स्क्रू थेट जोडला असेल तर मिलिमीटरला २००० काउंट. मध्ये दोनास एक पुली असेल आणि एन्कोडर मोटरवर असेल तर ४०००. हिशेब झाल्यावर १०० मिमी चालवून गेज ब्लॉक आणि डायलने खात्री करा. एक्सच्या बाबतीत ध्यानात ठेवा की कॉन्फिगरेशनमधलं स्केल त्रिज्येचं असतं. जी७ लावलं की प्रोग्राम व्यासाचा होतो, पण मशीनच्या आतला हिशेब त्रिज्येतच चालतो. एक्स बरोबर दुप्पट किंवा निम्मा जात असेल तर चूक इथेच शोधा.

ट्यूनिंग करताना आधी ड्राइव्ह तिच्या स्वतःच्या पुस्तिकेप्रमाणे स्थिर करा आणि शून्य हुकमावर मोटर सरकत असेल तर ऑफसेटचा पॉट फिरवून थांबवा. मग पीआयडीत (हा फरक बघून मोटरला हुकूम देणाऱ्या हिशेबात) पी लहान आकड्यापासून वाढवत जा. मोटर गुणगुणायला लागली की मागे या. एफएफ१ (वेगाचा हुकूम आधीच पुढे देणारा आकडा) साधारण १ च्या आसपास ठेवला की चालतानाचा फरक एकदम खाली येतो. आय आणि डी यांना शेवटी हात लावा, आणि लागले नाहीत तर शून्यच राहू द्या. हे सगळं हालस्कोपवर फॉलोइंग एररची रेघ बघत करायचं, कानाने नव्हे.

९. होमिंग

होमिंग म्हणजे चालू केल्यावर मशीनला स्वतःचं शून्य शोधायला लावणं. एन्कोडरच्या इंडेक्स पल्सवर (फेऱ्यात एकदाच येणाऱ्या पल्सवर) होम केलं तर ते अचूक येतं, पण त्यात एक सापळा आहे. होम स्विच सुटतो ती जागा आणि इंडेक्स पल्स येते ती जागा अगदी जवळजवळ असतील, तर स्विच कधी किंचित आधी सुटतो आणि कधी किंचित नंतर. एके दिवशी मशीन पुढची पल्स पकडतं आणि सगळं काम बरोबर एका फेऱ्याने, म्हणजे थेट जोडलेल्या स्क्रूवर ५ मिमीने, सरकलेलं असतं. बाकी आकडे पडद्यावर अगदी बरोबर दिसतात. हे टाळायला स्विचचा डॉग (स्विच दाबणारा ठोकळा) सरकवून इंडेक्स पल्स स्विचपासून अंदाजे अर्ध्या फेऱ्यावर येईल असं लावा. होम झाल्यावर बेड आणि सॅडल यांवर एक बारीक रेघ आखून ठेवा, सकाळी ती जुळते का एवढं बघितलं तरी पुरतं.

१०. स्पिंडल आणि आटे

एन्कोडर स्पिंडलशी एकास एक जोडलेला हवा, दातेरी पट्टीने. मोटरवर एन्कोडर आणि मध्ये पट्ट्याचं गुणोत्तर असेल तर इंडेक्स पल्स दर पासला चकाच्या वेगळ्या जागी येते आणि आटे एकमेकांवर चढतात. साधी व्ही-पट्टी घसरते, ती चालत नाही.

आटे पाडायचा लिनक्ससीएनसीतला जी७६ हा हुकूम फानुक कंपनीच्या कंट्रोलसारखा दोन ओळींचा नाही, एका ओळीचा आहे. एम २० गुणिले १.५ चा बाहेरचा आटा, २५ मिमी लांब, सुरुवात एक्स २२ झेड ५ वरून, तर:

जी७ जी९७ एस५०० एम३
जी० एक्स२२ झेड५
जी७६ पी१.५ झेड-२५ आय-२ जे०.४ के१.८४ आर१.५ क्यू२९.५ एच२

(मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत.) पी म्हणजे पिच. आय म्हणजे टूल उभं आहे तिथपासून आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर, बाहेरच्या आट्याला उणे. जे हा पहिला काप, के पूर्ण खोली, आर म्हणजे दर पासला काप किती कमी होत जातो ते, क्यू टूल आत शिरण्याचा कोन, एच शेवटचे मोकळे पास. जी७ चालू असताना आय, जे, के हे तिन्ही आकडे व्यासाचे असतात. आट्याची खोली ०.९२ असेल तर के १.८४ लिहायचा. जी८ असेल तर ०.९२. बहुतेकांचा पहिला आटा इथेच निम्म्या खोलीचा येतो आणि रिंग गेज चढत नाही.

झेडला वेग पकडायला जागा द्या, निदान तीन-चार पिच. ३ मिमी पिच आणि १००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३००० मिमी. जुना अक्ष तिथपर्यंत आट्याच्या आधी पोचत नसेल तर पहिले दोन आटे वाकडे येणार. आरपीएम कमी करा.

११. टरेट, चक, कूलंट

चार टूलचा इलेक्ट्रिक पोस्ट असेल तर मोटर पुढे फिरवायची, हव्या टूलचा सेन्सर आला की थांबवायची, मग उलट फिरवून लॉक करायची. उलटं फिरवणं सेकंदभर पुरतं. जास्त वेळ दाबून धरलं तर मोटर जळते, म्हणून वेळेची मर्यादा प्रोग्राममध्येच घाला. हायड्रॉलिक टरेटला अनक्लँप, फिरणं, क्लँप आणि प्रत्येकाचा सेन्सर हा क्रम जुन्या लॅडरमधून जसाच्या तसा उतरवा. क्लासिकलॅडर त्यासाठी लिनक्ससीएनसीतच आहे.

चकाचा प्रेशर स्विच ओके नसेल तर स्पिंडल फिरता कामा नये, आणि स्पिंडल फिरत असताना पायाच्या पेडलने चक उघडता कामा नये. या दोन्ही गोष्टी तपासल्याशिवाय चकात जॉब धरू नका.

१२. जुने प्रोग्राम तसेच लावू नका

फानुकचे प्रोग्राम वरवर सारखे दिसतात, पण त्यातले काही शब्द इथे वेगळं काम करतात आणि अपघात करतात. हा भाग छापून मशीनजवळ लावा.

टी०१०१ हे लिनक्ससीएनसीला टूल नंबर १०१ वाटतं. इथे टी१ एम६ आणि मग जी४३ लिहायचं. जी४३ विसरलात तर ऑफसेट लागतच नाही.

जी५० एस२५०० ने स्पिंडलची मर्यादा लागत नाही. ती जी९६ च्या (कापण्याचा वेग कायम ठेवणाऱ्या हुकमाच्या) ओळीतच डी ने द्यायची: जी९६ डी२५०० एस१८०. डी नसेल तर फेसिंग करताना टूल मध्याकडे जाईल तसा स्पिंडल वाढतच राहील. मोठा चक असेल तर हे जिवावरचं आहे.

जी९८ आणि जी९९ चा अर्थ इथे फीडशी नाही. मिनिटाचं फीड जी९४ ने, फेऱ्याचं जी९५ ने. जी९५ राहून गेलं आणि एफ०.२ तसाच राहिला, तर टूल मिनिटाला ०.२ मिमी सरकेल, म्हणजे हलणारच नाही.

जी४ पी१००० म्हणजे फानुकवर एक सेकंद थांबणं, इथे हजार सेकंद.

यू आणि डब्ल्यू हे एक्स-झेडचे वाढीव आकडे म्हणून इथे चालत नाहीत, ते वेगळे अक्ष मानले जातात. जी७१ ची लिहिण्याची रीतही वेगळी आहे. कॅम (ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर लिनक्ससीएनसीचा लेथ पोस्ट प्रोसेसर निवडा आणि निघालेल्या फाइलच्या पहिल्या वीस ओळी स्वतः वाचा.

पहिला प्रोग्राम चकापासून लांब, हवेत, फीड ओव्हरराइड कमी ठेवून चालवा. मग नायलॉनचा तुकडा, मग ॲल्युमिनियम, मग एमएस (साधं पोलाद). स्टेनलेसची ऑर्डर घ्यायची ती यानंतर.

१३. चालू झाल्यावर

कॉन्फिगरेशनचं पूर्ण फोल्डर दोन पेनड्राइव्हवर घ्या, एक शॉपमध्ये आणि एक घरी. वायरिंगचा नवा ड्रॉइंग, कच्चा असला तरी, लॅमिनेट करून पॅनेलच्या दरवाज्याच्या आत लावा. मशीन चालू लागलं की लिनक्सचे अपडेट आपोआप येऊ देऊ नका, चालणारा कर्नल बदलला की लेटन्सीची चाचणी पुन्हा करावी लागते.

चवथीच्या लांब सुट्टीला शॉप बंद करताना ड्राइव्हचा मेन पाडा, पण पॅनेल हीटरची लाईन चालू राहील अशी वेगळी एमसीबी ठेवा. बेडवर तेलाचा हात फिरवून ठेवा. परत आल्यावर लुब्रिकेशन पंप चार-पाच वेळा हाताने चालवा, स्पिंडल कमी आरपीएमवर पंधरा मिनिटं फिरू द्या, होम करा, रेघ जुळतेय का बघा आणि मग पहिला जॉब धरा.